मदत हवी आहे: कुत्र्याची शी उचलली, पण टाकायची कुठे?

रानजाई
लवकर उत्तर हवंय. आमच्याकडे लॅब (लॅब्रडोर) कुत्री आहे. तिची शी मी रोज न चुकता उचलते, पिशवीला गाठ मारते आणि सोसायटीच्या डब्यात टाकते. आता सफाईच्या मावशींनी हात लावायला साफ नकार दिलाय. सेक्रेटरी म्हणतात, "तुमचं तुम्ही बघा." रस्त्यावर एक डबा नाही. जे उचलतच नाहीत त्यांना कोणी काही बोलत नाही आणि उचलणारीने पिशवी हातात धरून फिरायचं? नवी मुंबईत बाकीचे काय करतात? महापालिकेत तक्रार कोणाकडे करू?

तलावपाळीकर
उचलता हेच खूप आहे. इथे ठाण्यात उपवनला सकाळी फिरायला गेलं की तलावाकडे बघायची सोय नाही, खाली बघत चालावं लागतं. मालक फोनवर, कुत्रा फूटपाथच्या मधोमध. दंडाशिवाय ही माणसं सुधारणार नाहीत. मुंबई महापालिकेच्या 2006च्या उपविधींत, म्हणजे स्वच्छतेच्या नियमांत, 500 रुपये दंड ठेवला होता. तुमच्या सोसायटीनेही ठराव करून दंड लावावा.

झाडाखालचा
तलावपाळीकर, त्या उचलतात हो! त्यांचा प्रश्न पुढचा आहे. शिवाय मुंबईचे उपविधी इकडे चालत नाहीत. मुंबई महापालिकेला 1888चा स्वतंत्र कायदा आहे, ठाणे आणि नवी मुंबई 1949च्या महापालिका अधिनियमाखाली येतात. सोसायटीच्या दंडाचं म्हणाल तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015च्या सूचनांत स्पष्ट लिहिलंय की सोसायटीने शी उचलण्याची विनंती करावी, पण त्यासाठी परस्पर दंड लावू नये.

तलावपाळीकर
विनंती करून कोण ऐकतं? माझी नात त्याच फूटपाथवर सायकल चालवते. तिच्या चाकांची घाण मी धुतो, मंडळ येत नाही धुवायला.

पेटपालक_७
ताई, सोसायटी तुम्हाला लिफ्ट वापरायलाही बंदी करू शकत नाही, हे लक्षात ठेवा. कुत्रा पाळायला मनाई करणारा ठरावही टिकत नाही. सगळं लेखी मागा.

रानजाई
लिफ्टचा काही त्रास नाही. डब्याचं सांगा.

सीवूड्सवाली
नवी मुंबईत म्हणजे नक्की कुठे? डबा ओल्या कचऱ्याचा होता की सुक्या? पिशवी कसली? आणि सोसायटीत खत करतात का?

रानजाई
खारघर. डबा ओल्या कचऱ्याचाच, शी सुक्यात कशी टाकणार? पिशवी घरात असेल ती, बहुतेक दुधाची. खताचे ड्रम आहेत मागच्या बाजूला. मावशी तिथेच बसून ओला कचरा निवडतात. त्याचा इथे काय संबंध?

सीवूड्सवाली
सगळा संबंध तिथेच आहे. तुमची पिशवी त्या माउलीच्या हातात फुटते. भाजीच्या देठांत हात घालायचा आणि त्यात हे निघायचं. तिने नाही म्हटलं ते बरोबरच केलं. कुत्र्याच्या शीत गोलकृमी आणि अंकुशकृमी या जंतांची अंडी असू शकतात. गोलकृमीची अंडी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. ते खत सोसायटीच्या बागेत जाणार आणि मुलं त्याच मातीत खेळणार. म्हणून ओल्या कचऱ्यात अजिबात नको.
आणि खारघर 2016पासून पनवेल महापालिकेत आहे. नवी मुंबई महापालिकेत गेलात तर तिथून पनवेलला पाठवतील.

मातीवेडा
इतकं घाबरायचं कारण नाही. मी आमच्या कुत्र्याची शी वेगळ्या ड्रममध्ये शेण, गूळ आणि सुक्या पानांबरोबर मुरवतो. काळंभोर खत होतं. जास्वंद बघाल तर थक्क व्हाल. निसर्गातून आलेलं निसर्गात जाऊ द्या.

सीवूड्सवाली
फुलझाडांपुरतं, तेही स्वतःच्या अंगणात वेगळं ठेवून करत असाल तर तुमची मर्जी. घरगुती ड्रम आतपर्यंत, सगळीकडे सारखा तापत नाही, अंडी मरतीलच याची खात्री नसते. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात हे खत कोणी घालू नका.

मातीवेडा
इतकी वर्षं करतोय, कोणी आजारी पडलं नाही.

झाडाखालचा
तुमचं अंगण आहे. त्यांच्याकडे फ्लॅट आहे.

सीवूड्सवाली
रानजाई, सोपा उपाय सांगते. जुना पेपर घेऊन फिरायला जा. ती बसली की पेपर खाली सरकवायचा, जमिनीला काही लागतच नाही. पुडी घरी आणायची, शी संडासात टाकून फ्लश करायचं. माणसांची जाते तिथेच ही जाते. फक्त कागद आणि पिशवी आत टाकायची नाही, पिशवीवर बायोडिग्रेडेबल छापलेलं असलं तरी नाही. मळका कागद वेगळा गुंडाळून डायपर-पॅडच्या कचऱ्याबरोबर द्यायचा. तो कचरा गुंडाळून वेगळा द्यायचा असतो हे घनकचरा नियमांत आहेच, म्हणजे त्याची सोय सोसायटीला करावी लागते.
जंताचं औषध वेळेवर देता ना? मोठ्या कुत्र्याला साधारण दर 3 महिन्यांनी, डॉक्टरांना विचारून.

रानजाई
औषध चालू आहे. पण लॅबची शी बरीच असते, पाइप तुंबला तर? वरच्या मजल्यावर राहतो, खालचे भांडायला येतील.

झाडाखालचा
शीने पाइप तुंबत नाही. तिच्याबरोबर खडे, गवत, कागद गेला तर तुंबतो. गवतावरून उचललीत तर ते आधी झटका.

रानजाई
ठीक, आजपासून फ्लश. मावशींशी मी स्वतः बोलते, त्या ड्रमपाशी हातमोज्यांशिवाय बसतात हे मला माहीतच नव्हतं. कमिटीला पत्र देऊन गेटजवळ झाकणाचा वेगळा डबा आणि मावशींसाठी हातमोजे मागते. आमच्या बिल्डिंगमध्ये आणखी कुत्री आहेत, त्यांच्या घरच्यांच्याही सह्या घेते.

तलावपाळीकर
पत्राचा मसुदा इथे टाका. आमच्या सोसायटीतही देतो.

कोपरीची_माई
विषय निघालाच आहे म्हणून विचारते. मांजराचं लिटरही असंच संडासात टाकलं तर चालेल का? मातीसारखं असतं ते.

सीवूड्सवाली
माई, ते नको! ती माती पाण्यात फुगते आणि पाइपात घट्ट बसते. गुंडाळून वेगळं द्या.