सुपरहिरोंचे गेम : कथेआधी चाल

चित्रपटाची कथा जशीच्या तशी आणली की सुपरहिरोचा गेम यशस्वी होतो, हे मत मला पटत नाही. नायकाची चाल, म्हणजे लढण्या-वावरण्याची त्याची खास पद्धत, खेळणाऱ्याच्या हातात उतरली, तरच असा गेम जमतो. २००९ च्या ‘बॅटमॅन : अर्कम असायलम’मध्ये चौघे एकदम अंगावर आले, तरी शत्रूच्या डोक्यावर खूण उमटताच नेमक्या क्षणी बटण दाबले की प्रतिडाव बसतो, लहानपणापासून तालमीत डाव-प्रतिडाव पाहत आलेल्या आम्हा कोल्हापूरकरांना ती लय चटकन कळते. २०१८ च्या ‘स्पायडर-मॅन’मध्ये जाळे इमारतीला नाहीतर झाडालाच चिकटते, त्यामुळे सेंट्रल पार्कात शिरताच झोका खाली येतो. राजारामपुरीत आमच्या घरी माझा भाचा एकही मोहीम न खेळता तासभर नुसते झोके घेत बसला होता, आणि झोक्याच्या तळाशी जाळे सोडले की वेग वाढतो, हे त्याने कोणी न सांगता शोधून काढले.

‘अर्कम’ घडवणाऱ्या रॉकस्टेडी कंपनीनेच २०२४ मध्ये ‘सुसाइड स्क्वॉड’ आणताना चारही पात्रांच्या हाती बंदुका देऊन त्यांचे वेगळेपण बोथट केले, याचे वाईट वाटते. त्याहून अधिक हळहळ ‘वंडर वुमन’ची वाटते. शत्रू आपल्याला लक्षात ठेवतात ही मोनोलिथ या गेम-कंपनीची विलक्षण कल्पना त्यात येणार होती, पण फेब्रुवारी २०२५ मध्ये तो गेम रद्द झाला. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या ‘वुल्व्हरीन’कडून माझी अपेक्षा एकच आहे : नायकाच्या जखमा आपोआप भरून येणे ही केवळ पडद्यावरची, उरलेली ताकद दाखवणारी पट्टी न राहता, लढताना घ्यायच्या निर्णयाचा भाग व्हावी.