रोजावा: ईशान्येतली मावळत

सीरियाच्या बातम्यांत 'रोजावा' शब्द सारखा येतो. अर्थ 'पश्चिम' असा वाचला. पण नकाशात कोबानी, कामिश्ली ही रोजावातली गावं देशाच्या उत्तर सीमेला चिकटून, पार ईशान्य कोपऱ्यापर्यंत. मग पश्चिम कुठली? आणि मराठीत रोजावा लिहावं की रोझावा?

— अर्थ बरोबर आहे. कुर्दीत 'रोज' म्हणजे सूर्य, दिवसही. आपण फारसीतून घेतलेल्या 'रोज'चं सख्खं भावंड. 'आवा' म्हणजे मावळलेला. थोडक्यात, मावळत. फक्त दिशा सीरियाच्या राजधानीवरून, दमास्कसवरून मोजायची नाही, कुर्द लोकांच्या मुलखावरून, कुर्दिस्तानवरून मोजायची. तुर्कस्तानातला भाग बाकूर, म्हणजे उत्तर. इराकमधला बाशूर, दक्षिण. इराणमधला रोजहिलात, उगवत. उरला सीरियातला, तो रोजावा. कुर्दिस्तान नावाचा स्वतंत्र देश नाही, पण त्याच्या चारही दिशा रोजच्या बोलण्यात आहेत.

— यात नवल काय? पश्चिम महाराष्ट्राच्याही पश्चिमेला कोकण आहेच की. बाकी, तुर्कस्तानातल्या दियारबकिर शहराच्या नावातला 'बकिर' म्हणजे हाच 'बाकूर' का?

— अजिबात नाही. जुनं नाव दियारबक्र, बक्र या अरब टोळीचा मुलूख. 1937 मध्ये त्याचं दियारबकिर केलं. तुर्कीत 'बकिर' म्हणजे तांबं. कुर्द लोक त्या शहराला आमेद म्हणतात.

— या दिशा निरुपद्रवी नाहीत, एवढं ध्यानात ठेवा. इराकमधल्या एर्बिलच्या परिसराला कुर्द 'दक्षिण' म्हणतात आणि तुर्की अधिकारी वर्षानुवर्षं 'उत्तर इराक' म्हणत आले, कारण 'कुर्दिस्तान' उच्चारायचं नव्हतं. इराकच्या 2005 च्या राज्यघटनेत मात्र 'कुर्दिस्तान' हेच नाव आहे. सीरियात याच्या उलट घडलं. मार्च 2016 मध्ये तिथे जाहीर झालेल्या संघराज्याच्या नावात 'रोजावा' होतं, डिसेंबरात ते वगळलं. तिथे अरब आहेत, सिरियाक ख्रिस्ती आहेत, तुर्कमेन आहेत. हा शब्द एकट्या कुर्दांचा वाटायचा. 2018 मध्ये कारभाराचं नाव 'उत्तर व पूर्व सीरिया स्वायत्त प्रशासन' झालं. म्हणजे तीच जमीन, पण दिशा पुन्हा दमास्कसवरून. म्हणून बातमीत त्या प्रशासनाबद्दल लिहिताना हे लांबलचक नाव वापरावं. कुर्दांच्या तोंडी किंवा त्यांच्या राजकारणाबद्दल लिहिताना 'रोजावा' चालेल. सरसकट 'रोजावा प्रांत' लिहिणं मला तरी पटत नाही.

— सीमेवरच्या लोकांचा याहून घरगुती शब्द आहे: 'बिनखेत'. 'बिन' म्हणजे खाली, 'खेत' म्हणजे रेघ (आपल्या दस्तखतातलं 'खत' त्याच घराण्यातलं, शेताशी संबंध नाही). पहिल्या महायुद्धानंतर तुर्कस्तान आणि फ्रेंचांच्या ताब्यातला सीरिया यांची हद्द बऱ्याच लांबीवर बगदाद रेल्वेच्या रुळांवरूनच आखली गेली. रुळांच्या वरचा तो 'सरखेत', खालचा 'बिनखेत'. नुसैबिन वर, कामिश्ली खाली, अगदी समोरासमोर; नातीगोती दोन्हीकडे. इथे ना दमास्कस मध्ये, ना कुर्दिस्तान. मध्ये रूळ!

— लेखनाचं राहिलं. कुर्दी उच्चार आपल्या 'ज' आणि 'झ' दोन्हींत नेमका बसत नाही. 'रोझावा' लिहिलं की वाचणारा झाडातला 'झ' काढतो. 'रोजावा' लिहा, त्यात निदान 'रोज' दिसतो.