बीओपीटीने पाय चेपला, ठेकेदार म्हणतो कुठे बोलू नका

मानकोलीकर:
धाकटा भाऊ भिवंडीच्या गोदामात ठेकेदाराकडे आहे. परवा रात्रपाळीत भरलेली बीओपीटी (पॅलेटवरचा माल हलवायची, हँडल धरून चालवायची बॅटरीची गाडी) मागे घेताना रॅकच्या खांबाला अडकला. हँडल पोटात रुतलं तरी गाडी थांबली नाही, चाक पावलावर चढलं. एक्स-रेत हाड मोडलेलं नाही, पण पाय सुजून टम्म झालाय. ठेकेदार म्हणतो, चूक त्याचीच, पाच हजार घ्या, ईएसआयला (सरकारी कामगार विमा) कळवू नका. काय करू?

डिस्पॅच दादा:
भाऊ, आधी पाय. सूज वाढतेय, बोटं बधिर पडतायत किंवा नुसती हलवली तरी कळ येतेय, असं असेल तर आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल गाठा. चेपलेल्या पावलात आतल्या आत दाब वाढतो, एक्स-रेत तो दिसत नाही. उशीर झाला तर पाय कायमचा अधू होतो.

पैसे घेऊ नका आणि कशावरही सही करू नका. पगाराच्या स्लिपवर ईएसआयची ०.७५ टक्के कपात आहे का बघा. असेल तर कामावरच्या इजेत चूक कोणाची हे बघत नाहीत. उपचार मोफत, आणि डॉक्टर सुट्टी लिहून देतील तितके दिवस सरासरी रोजाच्या ९० टक्के रक्कम मिळते. पुढे पायात दोष राहिला तर त्याचा लाभ वेगळा. पाच हजारांत हे सगळं सोडायचं का? गोदामाच्या अपघात वहीत नोंद करायला लावा. अपघात कळवायचा ईएसआयचा फॉर्म १२ भरून पाठवणं मालकाचं काम आहे, तुमचं नाही.

मानकोलीकर:
दादा, कपात आहे. त्याला घेऊन निघालोय.

रीच ट्रकवाला:
हँडलच्या टोकाला पोटाशी येणारं मोठं बटण असतं ना, ते याचसाठी असतं. माणूस मध्ये सापडला की ते दाबलं जातं आणि गाडी उलटी सरकते. इथे ते चाललंच नाही, मग पोराची चूक कशी? गाडीचा नंबर आणि त्या बटणाचा फोटो आजच कोणाकडून तरी काढून घ्या, उद्या दुरुस्त करून ठेवतील. आम्ही पाळी सुरू होताना रिकामी गाडी हळू चालवून तळहाताने ते दाबून बघतो. नाही चाललं तर चावी काढून सुपरवायझरच्या हातात. भरलेली गाडी दीड-दोन टनांची असते, आणि सेफ्टी बूट फक्त बोटं वाचवतो, वरचं पाऊल उघडंच राहतं.

डिस्पॅच दादा:
बरोबर. आणि त्या रात्री बाजूला जे होते त्यांची नावं, नंबर आत्ताच लिहून घ्या. ठेक्यावरची पोरं महिन्याभरात दुसऱ्या गोदामात जातात.