ठरलेल्या दिवशी गुलाब फुलवायचे असतील, तर छाटणी नेमकी कधी करावी?

नवखा माळी (प्रश्न):
आईवडिलांच्या लग्नाला 50 वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्या दिवसाला आजपासून बरोबर 70 दिवस उरले आहेत. अंगणातील 12 हायब्रिड टी (लांब दांड्यावर एकेक मोठे फूल येणारे गुलाब) आणि 4 फ्लोरिबंडा (घोसाने फुलणारे गुलाब) झाडांचीच फुले त्या दिवशी घरात मांडावीत, अशी माझी इच्छा आहे. गेल्या वर्षी याच दिवसांत एका घरगुती समारंभासाठी मी सगळी झाडे एकाच सकाळी गुडघ्याएवढी छाटली आणि 45 दिवस मोजले. समारंभाच्या दिवशी झाडांवर वाटाण्याएवढ्या कळ्यांखेरीज काहीही नव्हते. फुले उमलली ती पाहुणे परतल्यावर 18 दिवसांनी. छाटणी आणि फूल यांत अंतर किती धरावे, आणि हिशेब चुकतो आहे असे मध्येच लक्षात आले तर काही करता येते का?

जुनी कात्री:
45 दिवसांचा आकडा खोटा नाही, पण तो उबदार हवेतला आहे. हायब्रिड टीला साधारणपणे 6 ते 8 आठवडे लागतात आणि हवा थंड असेल तर त्याहूनही अधिक. वारंवार फुलणारे आधुनिक गुलाब दिवस लहान आहे की मोठा, याची वाट पाहत नाहीत. पुरेसे ऊन मिळालेला प्रत्येक नवा फुटवा शेवटी कळीच धरतो. त्यामुळे फूल कधी येणार हे मुख्यतः फुटवा किती वेगाने वाढतो यावर, म्हणजेच तापमानावर ठरते. (वर्षातून एकदाच फुलणारे जुने प्रकार या हिशेबात बसत नाहीत, ते जुन्या काडीवर फुलत असल्याने छाटले तर त्या वर्षीचा बहारच जातो.)

छाटणीची खोलीही मोजावी लागते. खोल छाटल्यास खालचे झोपलेले डोळे (काडीवरील सुप्त अंकुर) जागे व्हायला वेळ घेतात, मात्र दांडे लांब आणि दणकट येतात. वाळलेल्या फुलाखाली, पाच पर्णिकांच्या पानाजवळच्या बाहेर तोंड असलेल्या डोळ्यावर, अर्धा सेंटीमीटर जागा सोडून कापले तर फुटवा लवकर येतो.

आपले उत्तर मात्र आपल्याच प्रश्नात आहे: 45 अधिक 18, म्हणजे 63 दिवस. आपल्या अंगणातला, याच हवेतला आणि त्याच खोलीच्या छाटणीचा हा आकडा कोणत्याही पुस्तकी आकड्याहून मोलाचा आहे.

कळीमोजणी:
वरील उत्तराशी सहमत आहे, पण सगळी भिस्त 63 वरही ठेवू नये. चार हायब्रिड टी 67 दिवस आधी, चार 63 दिवस आधी आणि उरलेली चार 58 दिवस आधी, तीही फक्त वरवर छाटावीत. प्रत्येक झाडाला तारखेची चिठ्ठी बांधावी, कारण तीन आठवड्यांनी काहीच आठवत नाही.

कळी वाटाण्याएवढी झाली की त्या हवेत उमलायला सुमारे तीन आठवडे, ही दुसरी खूण. त्या वेळी झाड पुढे गेलेले दिसले, तर दुपारच्या उन्हात त्यावर सावलीची जाळी धरून थोडे रोखता येते. मागे पडलेल्या झाडाला मात्र घाई करता येत नाही. त्या टप्प्यावर नत्राचा डोस वाढवला तर पालाच माजतो. हायब्रिड टीच्या मुख्य कळीशेजारच्या बारीक कळ्या नखाने खुडाव्यात. फ्लोरिबंडाच्या घोसात उलट करावे: मधली कळी सर्वांत आधी उमलते, ती काढली की बाकीच्या जवळजवळ एकदम फुलतात.

फुलदाणी:
एक व्यवहारातली गोष्ट. लवकर आलेले फूल सांभाळता येते, उशिरा येणारे येत नाही. म्हणून चुकायचेच असेल तर लवकरच्या बाजूने चुकावे. कळीखालची हिरवी दले खाली वळली आणि बाहेरची एखादी पाकळी सैल झाली की पहाटे कापून दांडे लगेच पाण्यात बुडवावेत. ती 2 ते 4 अंश सेल्सियसला फ्रिजमध्ये चार-पाच दिवस सहज टिकतात. त्याच फ्रिजमध्ये सफरचंद किंवा केळी असता कामा नयेत. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुले लवकर कोमेजतात.

नवखा माळी:
सर्वांचे आभार. पहिली चार झाडे तीन दिवसांनी छाटेन. एक अडचण राहिली: एका झाडावर आजच वाटाण्याएवढी टपोरी कळी आहे. ती उमलू दिली तर त्यानंतर 49 दिवसच उरतात.

जुनी कात्री:
ते झाड 58 दिवसांच्या गटात घाला. बारा दिवसांनी कळीला रंग दिसू लागलेला असेल आणि हात कचरेल, तरीही ती पाच पर्णिकांच्या पानापर्यंत कापा.