मदत हवी आहे : तालमीचा फुटबॉल संघ आणि प्रायोजक
नमस्कार. कोल्हापुरात फुटबॉल पेठापेठांतल्या तालमींनी जोपासला असून शाहू स्टेडियमवरील सामन्यांना आजही गर्दी लोटते. परंतु आमच्या तालमीशी प्रायोजकाचे नाते जर्सीवरील नावापुरतेच उरले आहे. तळ सुटलेले बूट सुतळीने बांधून मुले सराव करतात आणि मुलींना तर मैदानावर स्वतंत्र वेळही मिळत नाही, याचे फार वाईट वाटते. कंपनी कायदा, २०१३ नुसार कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) निधी खेळाच्या प्रशिक्षणावर खर्च करता येतो, मात्र जाहिरातीच्या लाभासाठी दिलेले प्रायोजकत्व त्यात धरले जात नाही. म्हणून पेठेतील मुलामुलींचे मोफत प्रशिक्षण आणि स्पर्धेचे प्रायोजकत्व यांचे करार वेगळे कसे करावेत, तसेच नोंदणीकृत न्यासाला असा निधी घेण्यासाठीच्या सीएसआर-१ या सरकारी नोंदणीसाठी कोणती कागदपत्रे लागतात, हे अनुभवी सभासदांनी कृपया सविस्तर सांगावे.