मदत हवी आहे: अण्णांना वाचून दाखवायला परग्रहावरून होणाऱ्या आक्रमणाच्या जुन्या कादंबऱ्या

नमस्कार मंडळी. मी लातूर जिल्ह्यातला, औशाजवळचा.

गेल्या महिन्यात अण्णांच्या (माझ्या वडिलांच्या) मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पेपर बंद, टीव्ही बंद, शेतात जाणं बंद. पडून पडून वैतागायला लागले, म्हणून माझ्याकडची जॉन विंडमची १९५१ ची 'द डे ऑफ द ट्रिफिड्स' काढली आणि तोंडानेच मराठी करत वाचू लागलो. सुरुवातच दवाखान्यात, डोळ्यांवर पट्ट्या असलेल्या माणसापासून आहे हे मी विसरलो होतो. अडखळलो. अण्णा म्हणाले, "वाच की, थांबलास कामून?"

चालणारी, तीन पायांची, नांगी मारणारी झाडं. अण्णांनी त्यांचं नाव 'तिपायी' ठेवलं. माणसं ही झाडं तेलासाठी मुद्दाम वाढवतात, तिथं मला वाटलं होतं अण्णा हसतील. नाही हसले. आमच्याकडं करडई काढताना हातापायाला फडकी गुंडाळून रानात उतरावं लागतं, इतके काटे. "तेल देतंय म्हणल्यावर कोण उपटून टाकतंय?" एवढंच बोलले आणि पुढं वाचायला लावलं.

मग एच. जी. वेल्सची १८९८ ची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स', मंगळावरून आलेल्यांच्या हल्ल्याची. मंगळवाल्यांच्या यंत्रांपेक्षा त्यांच्यासोबत आलेली लाल वेल अण्णांना जास्त खरी वाटली. पाणी दिसेल तिथं माजणारी. "गाजर गवतच की हे." पण ती वेल रोगानं आपोआप मरते, याचं त्यांना फार वाईट वाटलं. आपलं गाजर गवत मरत नाही ना.

या पुस्तकांवर माझा कॉलेजपासून जीव आहे, पण रानातला माणूस ती कशी ऐकतो हे आत्ता कळलं. तर पुढं काय वाचू? बंदुका-यानं कमी असावीत. झाडं, बी, पाणी, गाव असं काही असेल तर उत्तम. प्रकरणं छोटी हवीत, अण्णा तासाभरात थकतात. मराठीत काही असेल तर तेही सांगा.

प्रतिसाद १
जॅक फिनीची १९५५ ची 'द बॉडी स्नॅचर्स' घ्याच. अवकाशातून तरंगत आलेल्या मोठाल्या शेंगा, कॅलिफोर्नियातलं छोटं गाव, आणि एकेका घरातलं माणूस 'आपलं' राहत नाही. गोळीबार जवळपास नाहीच. रात्री मात्र वाचू नका.

प्रतिसाद २
विंडमचीच १९५३ ची 'द क्रॅकन वेक्स' बघा. शत्रू समुद्राच्या तळाशी, शेवटपर्यंत नीट दिसतही नाही. मराठीत नारायण धारपांपासून सुरुवात करा, अण्णांना भाषांतराची वाट बघावी लागणार नाही. आणि जुन्या प्रतींची पानं तांबूस होऊन तुटत असतील तर सेलोटेप अजिबात लावू नका, त्याचा गोंद कागद खातो.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. शेंगांचं अण्णांना सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न: "पेरल्या कुणी?" आज दुपारपासून सुरू करतोय.