कोथरूडचा जुना वन बीएचके की मुळशीचे ११ गुंठे?

सातारकर_पुण्यात:
साताऱ्याचं वडिलोपार्जित घर विकलं, माझ्या वाट्याला ४० लाख आले. साठवलेले २५ आहेत. राहायला नाही, गुंतवणूक म्हणूनच घ्यायचंय. दोन गोष्टी बघितल्या.

एक, डहाणूकर कॉलनीजवळ १९८६ ची तीन मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, १२ फ्लॅट. दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके, कार्पेट ४८० फूट, ६२ लाख सांगतायत. भाडं १७ हजार येईल म्हणे.

दुसरं, पौडच्या पुढे ११ गुंठे, ५ लाख गुंठा. एजंट म्हणतो पाच वर्षांत दुप्पट. जागा सुंदर आहे, समोर डोंगर, खाली भातखाचरं. नवरा त्या डोंगराच्या प्रेमात पडलाय. अनुभवी लोकांनी सांगा.

बांधावरचा_काका:
मुलीच्या वयाची असशील म्हणून अगंतुगं करतोय, राग मानू नकोस.

डोंगराच्या प्रेमात मीही पडलो होतो, २०११ साली, त्याच पट्ट्यात. एजंटनं डिसेंबरात जागा दाखवली. गाडी थेट प्लॉटपर्यंत गेली, चहा पाजला. पुढच्या जुलैत बायकोला घेऊन गेलो तर वाटेत बाभळीच्या फांद्या आडव्या, वर तार गुंडाळलेली. पलीकडे शेजारी गुडघाभर चिखलात इंद्रायणी भाताची लावणी करत होता. म्हणाला, "साहेब, ही माझी खाचरं. उन्हाळ्यात गाडी जाते, म्हणून रस्ता होत नाही." त्याचं काही चुकलं नव्हतं. माझ्या खरेदीखतात रस्त्याचा एक शब्द नव्हता. तहसीलदारांकडे बांधावरून वाट मागण्यासाठी जमीन महसूल कायद्याच्या कलम १४३ खाली अर्ज केला, तीन वर्षं तारखा झाल्या, शेवटी बांधावरून सहा फुटी वाट मिळाली. तिच्यावरून विटांचा ट्रक जात नाही. गिऱ्हाईक येतं, वाट बघतं, परत जातं.

तेव्हा डोंगर नंतर, आधी सातबारा. तुझ्या नावावर कुठे शेती आहे का? नसेल तर शेतजमीन तुला सरळ घेताच येत नाही. एजंट 'एनए प्लॉट', म्हणजे अकृषिक, म्हणतोय का? मग अकृषिक आदेशाची प्रत माग. सातबाऱ्यावर अजून जिरायत असेल तर त्याच्या छापील पत्रकाला रद्दीचा भाव. भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी अटींची जमीन, दिसलं तर परवानगीशिवाय विक्री नाही. 'इतर हक्क' रकाना भिंगातून वाच: कुळ, सोसायटीचा बोजा, बहिणींची नावं सगळं तिथेच असतं. माझ्या सातबाऱ्यावर १४ नावं आहेत, सामाईक. माझे ११ गुंठे त्यातले नेमके कुठले, हे एजंटनं मारलेली चुन्याची रेघ सांगायची. ती पहिल्याच पावसात गेली.

आता फ्लॅट. भाड्यावर जाऊ नकोस. १७ हजारांनी ११ महिने धर, एक रिकामा जातोच: १ लाख ८७ हजार. मेंटेनन्स १८, टॅक्स ९, रंग-नळ-गळती १५ हजार वजा कर. राहिले १ लाख ४५ हजार. तुझ्या नावावर घेतलास तर बाईला सवलत म्हणून स्टॅम्प ड्युटी ७ ऐवजी ६ टक्के, नोंदणी ३० हजार, म्हणजे एकूण ६६ लाख गुंतले. सव्वादोन टक्केही पडत नाहीत. बँकेत एफडी बरी.

मग असले फ्लॅट लोक घेतात कशाला? भिंती म्हाताऱ्या होतात, वाढते ती खालची जमीन. प्लॉट साडेसहा हजार फूट असेल तर १२ जणांत तुझ्या वाट्याला ५४० फूट कोथरूड येतं. पण ती जमीन सोसायटीच्या नावावर आहे का? म्हणजे मूळ मालकानं ती लिहून दिलीय का, कन्व्हेयन्स झालंय का? आणि समोरचा रस्ता टेपनं मोज. ९ मीटरपेक्षा अरुंद असला तर टीडीआर, म्हणजे बाहेरून विकत आणायचा जादा बांधकामाचा हक्क, अडतो आणि रीडेव्हलपमेंटला बिल्डर फिरकत नाही.

सदाशिव_पेठी:
काकांच्या हिशोबात भर. महापालिका मालमत्ता करात ४० टक्के सवलत देते ती स्वतः राहणाऱ्याला. भाडेकरू ठेवलात की गेली. विकणाऱ्याचं बिल बघून टॅक्स धरू नका, तो स्वतः राहत असेल.

दुसरं, साताऱ्याच्या घरावरचा भांडवली नफा दोन वर्षांत दुसरं घर विकत घेतलंत तर करातून वाचू शकतो. नुसत्या शेतजमिनीला ती सूट नाही. एजंट हे सांगणार नाही. सीएला आधी भेटा.

सातारकर_पुण्यात:
काका, शनिवारी टेप घेऊन गेले. वॉचमनला वाटलं महापालिकेची माणसं आली, त्यानं पार्किंगमधली टपरी आवरायला घेतली! रस्ता साडेनऊ मीटर भरला. पण मिळकत पत्रिका (शहरातल्या जमिनीचा सातबाराच) काढली तर अजून मूळ जमीनमालकाचं नाव. सेक्रेटरी म्हणाले, "इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही." मुळशीच्या एजंटकडे अकृषिक आदेश मागितला, तेव्हापासून फोन उचलत नाही.

बांधावरचा_काका:
रस्ता चांगला निघाला. मालक कन्व्हेयन्स देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे मालकाच्या सहीशिवाय जमीन नावावर करून घ्यायचा, अर्ज करता येतो, पण तो सोसायटीनं करायचा. बारा जणांना एका खोलीत बसवणं हे त्यातलं अवघड काम. ते होईपर्यंत ६२ विसर, ५४ पासून बोल. आणि सेक्रेटरी चहा देतील तो पिऊन ये, पुढे त्यांच्याशीच गाठ आहे.